गाणारी माणसे जातात तेव्हा

१५ डिसेंबर २०२४ च्या रात्री उस्ताद झाकिर हुसेन गेल्याची बातमी आली. थोड्या वेळाने ती खरी नसल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्यांनीच ती खरी असल्याचे जाहीर केले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, फुप्फुसाच्या आजाराने त्यांचा इंतकाल झाला होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत एका रात्रीत तीन ग्रॅमी पुरस्कार घेतलेला हा माणूस.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत या बातमीवर बोलणे निघाले आणि तीन सूर लागले. एक जण म्हणाले, मुल्काची शान गेली. दुसऱ्यांनी हळूच विचारले की तबला वाजवणाऱ्यासाठी मगफिरतची दुवा मागता येते काय? तिसरे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, निवृत्तीला आलेले. ते एवढेच म्हणाले, "चहाच्या जाहिरातीतले ते केस आठवतात. आज मी म्हातारा झालो."

पहिल्या वाक्याशी कोणाचे भांडण नव्हते. दुसऱ्यावर वाद झाला, तो होणारच होता. तिसरे वाक्य मात्र कोणी उचलले नाही. घंटा झाली, सगळे वर्गांवर गेले. पण मला तेच वाक्य महत्त्वाचे वाटते. ज्याला आपण कधी भेटलो नाही, ज्याच्या घराचा पत्ता आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या मरणाने आपले वय कसे काय वाढते?

आपले नातेवाईक आपल्यासमोर म्हातारे होतात. चाचांचा एक दात पडतो, मग दुसरा पडतो. खालाजान जिना चढताना मध्ये थांबू लागतात. रोज थोडे थोडे दिसत असल्यामुळे मन तयार होत जाते. गाणाऱ्याचे तसे नसते. ज्या वयात त्याने गाणे ध्वनिमुद्रित केले, त्या वयातच तो आपल्याकडे राहायला येतो आणि तिथेच राहतो. कॅसेट घासली जाते, फीत अडकते, आपण पेन्सिल घालून ती गुंडाळतो, पण आतला माणूस मात्र तेवढ्याच वयाचा राहतो. मग एक दिवस बातमी येते की तो अमुक वर्षांचा होऊन गेला. जे म्हातारपण तीस वर्षांत हप्त्याहप्त्याने दिसायला हवे होते, ते एका ओळीत अंगावर येते, आणि त्याच ओळीत आपलेही वय लिहिलेले असते. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना हेच म्हणायचे होते, असे मला वाटते. यात कोणाला स्वार्थ दिसेल. मला तो दिसत नाही. मोहल्ल्यात मय्यत झाली की माणूस आपल्या घरातल्या थकल्या माणसांकडे एकदा पाहून घेतो, ती नजर जशी स्वार्थाची नसते, तसेच हे.

पाश्चात्त्य देशांत सध्या अशा बातम्यांची रांग लागली आहे. १९६० च्या दशकात रॉक नावाचे जे संगीत आले, त्याचे गाणारे आता सत्तरी-ऐंशी ओलांडून चालले आहेत. आपला त्या संगीताशी काय संबंध, असे कोणी विचारील. थोडा आहे. झाकिर हुसेन यांचे वालिद उस्ताद अल्लारखा १९६७ साली माँटेरेच्या आणि १९६९ साली वुडस्टॉकच्या त्या प्रचंड जलशांत पंडित रविशंकर यांच्या साथीला बसले होते. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांच्या १९७३ च्या अल्बममध्ये झाकिर यांचा तबला आहे. आणि क्वीन या गटाचा फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फरोख बलसारा, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला. त्याचा पहिला बँड तिथे शाळेतच जमला. १९९१ साली तो ४५ व्या वर्षी गेला.

या संगीताने तारुण्य हाच जणू आपला मजहब केला होता. लांब केस, मोठा आवाज, वडीलधाऱ्यांशी वैर. म्हातारपण म्हणजे हार, अशी त्यांची समजूत. त्यामुळे म्हातारे कसे व्हायचे हे त्यांना कोणी शिकवलेच नाही. ज्याला जसे जमले तसा तो शिकला. रोलिंग स्टोन्सचे ढोलवादक चार्ली वॉट्स २०२१ साली ८० व्या वर्षी गेले, जवळजवळ शेवटपर्यंत वाजवत. ऑझी ऑस्बोर्न यांना पार्किन्सनचा आजार होता, उभे राहता येत नव्हते. ५ जुलै २०२५ रोजी आपल्या जन्मगावी, बर्मिंगहॅमला, ते सिंहासनासारख्या खुर्चीवर बसून शेवटचे गायले आणि १७ दिवसांनी, २२ जुलैला, वारले. ज्याने उभे आयुष्य रंगमंचावर धिंगाणा घातला, त्याने बसून गाण्याचा कमीपणा मानला नाही. त्यांचे संगीत माझ्या कानाला रुचत नाही, तरी ही गोष्ट मला मोठी वाटते.

हॅरिसन यांच्या १९७० च्या अल्बमचे नावच 'सारे काही सरून जाते' अशा अर्थाचे आहे. तेव्हा त्यांचे वय होते २७. ते स्वतः २००१ साली ५८ व्या वर्षी कर्करोगाने गेले. सत्ताविशीत हे सुचणे आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ते सोसणे, यात फार अंतर आहे.

पण हे मला नवे नाही. आमच्या घरी याच अर्थाची एक कॅसेट होती. अझीझ नाझाँ यांची 'चढता सूरज'. विदर्भात, मराठवाड्यात, कोकणात असे मुस्लिम घर क्वचित असेल जिथे ती वाजली नाही. एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीत, काळीपिवळीत, उरुसाच्या बाजारात, सलूनमध्ये ती वाजायची. विषय एकच, दुनिया फानी आहे. बादशहा गेले, पहिलवान गेले, देखणे गेले. ही कव्वाली लिहिणाऱ्याचे नाव कैसर रत्नागिरवी. आणि अझीझ नाझाँ यांनीच गायलेली 'झूम बराबर झूम शराबी', जी १९७४ च्या 'फाइव्ह रायफल्स' चित्रपटात आली, तिचे शायर नाझा सोलापुरी. एक रत्नागिरीचे, एक सोलापूरचे. एकाने देशभरच्या माणसांना मौत आठवून दिली, दुसऱ्याने शराबीच्या डोलण्यावर सगळ्यांना डोलवले, आणि दोघांनी आपापल्या गावाचे नाव तखल्लुसात ठेवले. आमच्या भागातले शायरही असेच नावापुढे 'यवतमाळी', 'पुसदी' लावतात. पूर्वी मला त्याचे हसू यायचे. आता वाटते, माणूस जाणार हे ठाऊक असलेल्यानेच गावाला असे नावात बांधून घेतले असावे. मात्र कव्वाली ऐकणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना कैसर रत्नागिरवी हे नाव माहीत नाही. मराठी वाचकांनी तरी ते माहीत करून घ्यावे, म्हणून येथे लिहिते आहे.

अझीझ नाझाँ मुंबईच्या मलबारी मुस्लिम कुटुंबातले. जन्म १९३८, मृत्यू ऑक्टोबर १९९२. म्हणजे ५४ वर्षांचे आयुष्य. सत्तरच्या दशकात त्यांनी ही कव्वाली गाजवली तेव्हा ते तिशी-पस्तिशीत होते, म्हणजे आज मी आहे साधारण त्या वयाचे. त्या वयात मौतीवर गाणे सोपे असते काय? मला वाटते, सोपेच असते. मरण लांब असते, शब्द जवळ असतात, आणि आवाजात एवढी ताकद असते की 'सगळे संपणार' हे वाक्यसुद्धा विजयासारखे म्हणता येते. ती कव्वाली ऐकताना कोणी खचत नाही, उलट लोक टाळी धरतात, नोटा उधळतात. ज्या पैशाची किंमत नाही असे गाणे सांगते, तोच पैसा त्या गाण्यावर उधळला जातो. यात कोणाला ढोंग दिसते. मी त्याला ढोंग म्हणणार नाही. माणसाला एवढी कडू गोष्ट एकट्याने गिळता येत नाही, म्हणून तो ती शंभर जणांत बसून, ढोलकीवर, गोड करून घेतो. कुरआनात मौतीसाठी 'चाखणे' असा शब्द येतो. चव ही ज्याची त्यालाच घ्यावी लागते. पण पंगतीत बसून जेवायची सवय असलेल्या माणसाला तीही पंगतीतच घ्यावीशी वाटते.

आणखी एक. काहीच टिकत नाही असे सांगणारी ही कव्वाली पन्नास वर्षे टिकली आहे. २०१७ च्या 'इंदू सरकार' या चित्रपटात ती पुन्हा आली, आणि ती गायली त्यांच्या मुलाने, मुजतबा अझीझ नाझाँ यांनी. तेव्हा बापाला जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. या गोष्टीने त्या कव्वालीतला मुद्दा खोटा ठरतो की खरा? मी बराच विचार केला. मला तरी तो खरा ठरलेला दिसतो, कारण टिकली ती कव्वाली. ते बोट हार्मोनियमवर होते ते बोट नाही, तो पानाने रंगलेला ओठ नाही. आपण ज्याला 'कलाकार अमर आहे' म्हणतो ते आपल्या सोयीचे बोलणे आहे. त्याच्या बायकोला विचारा तो अमर आहे काय.

कव्वालीची बैठक ज्यांनी नीट पाहिली असेल, त्यांना तिच्यातल्या रांगा आठवतील. पुढे मधोमध मुख्य कव्वाल, बाजूला दुसरा आवाज, हार्मोनियम. त्यांच्या मागे ढोलक, तबला आणि टाळी देणारे हमनवा. मुख्य कव्वाल एखादा मिसरा उचलतो, वर नेतो, आणि त्याचा श्वास सरला की मागची रांग तोच मिसरा हातात घेते. ऐकणाऱ्याला वाटते आवाज अखंड चालू आहे. खरे म्हणजे तो अनेक जणांच्या श्वासांचा असतो. मागे टाळी द्यायला बसलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा वर्षानुवर्षे पुढे सरकत जातो, आणि मधली जागा त्याला बहुतेक वेळा कोणाच्या तरी इंतकालानंतरच मिळते. रॉकच्या मंचावर म्हाताऱ्याला जागा कुठे, हा प्रश्न पडला. कव्वालीत तो पडत नाही. आवाज थकलेला बुजुर्ग तिथे नुसता बसला तरी मैफलीचे वजन वाढते. त्याने शेवटी एखादा तुकडा, तोही फाटलेल्या आवाजात, घेतला तर लोक उठून नजराणा देतात.

हे सगळे घडते ते उरुसात. उर्स म्हणजे मूळ अरबीत लग्न. वलीची पुण्यतिथी आपण 'लग्न' म्हणून साजरी करतो, आणि त्या दिवशी गातो. आम्ही लोक नागपूरला ताजबागेत बाबा ताजुद्दीन यांच्या उरुसाला जातो, वर्धा जिल्ह्यातल्या गिरडला जातो, तेव्हा ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्यातले नवल जाणवत नाही. दिल्लीचे ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी १२३५ साली समाच्या मैफलीत एक फारसी शेर ऐकून बेखुद झाले आणि त्याच अवस्थेत काही दिवसांनी त्यांचा विसाल झाला. या घटनेविषयी आमच्याकडे मोठ्या आदराने बोलले जाते.

आपल्याजवळचे उदाहरण २०१० चे आहे. लोकशाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमासाठी मंचावर होते आणि तिथेच हृदयविकाराने कोसळले. वय ७९. पोवाडा, भीमगीत, कोळीगीत, कव्वाली, सगळे त्यांच्या गळ्यात होते. दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीचे अनेक जण म्हणत होते, मौत असावी तर अशी. मला हे म्हणणे पटत नाही. मरणाऱ्यासाठी ते कसे होते हे आपल्याला कळणार नाही, आणि समोर बसलेल्या घरच्यांसाठी ते कसे होते याचा विचार असे म्हणणारे करत नाहीत. शाहीर अमर शेख, म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाखांच्या सभांना ज्यांच्या आवाजाने जाग यायची, ते १९६९ च्या ऑगस्टमध्ये मोटारीच्या अपघातात गेले. त्यांचे सोबती अण्णा भाऊ साठे जुलैत गेले होते. सहा आठवड्यांत दोघे. अण्णा भाऊ पन्नाशीच्या आतबाहेर, अमर शेख ५२ वर्षांचे. म्हातारपण दोघांच्या वाट्याला आलेच नाही. आपल्याला त्यांचे थकलेले चेहरे आठवत नाहीत, कारण ते थकायच्या आत गेले. यालाही लोक भाग्य म्हणतात.

खरी परीक्षा दुसऱ्यांची झाली. मेहदी हसन यांना जाण्यापूर्वी कित्येक वर्षे गाता येत नव्हते, शेवटी बोलणेही कठीण झाले होते. जून २०१२ मध्ये कराचीत ते वारले तेव्हा लोक म्हणाले, आवाज गेला. आवाज आधीच गेलेला होता, माणूस नंतर गेला. शकीला बानो भोपाली यांची हकीकत त्याहून दुःखाची. पुरुषांच्या या कलेत मुख्य जागेवर बसून अदाकारीसह कव्वाली गाणारी ही बाई. आमच्या अम्मीच्या पिढीतल्या बायका तिच्याविषयी थोडे लाजून आणि बऱ्याच अभिमानाने बोलतात. डिसेंबर १९८४ च्या भोपाळच्या विषारी वायूने तिचा आवाज नेला. त्यानंतर अठरा वर्षे ती दमा आणि मधुमेहाशी झगडत जगली आणि डिसेंबर २००२ मध्ये मुंबईत गेली. त्या अठरा वर्षांत तिचे वय वाढत होते आणि कॅसेटवर ती तिशीतच गात होती. आपण विचार मृत्यूचा करतो. विचार करायचा तो या अठरा वर्षांचा.

माझे अब्बा आता सत्तरीपुढचे आहेत. त्यांनी यवतमाळच्या जिनिंगमध्ये तीस वर्षे काढली. सरकीच्या धुळीने छाती आणि यंत्रांच्या आवाजाने कान, दोन्ही कामाला लागले. म्हातारपणात कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी उंच, बारीक आवाज जातात. स, श, फ, ख ही अक्षरे हवेत विरतात. जाड, खालचे आवाज शाबूत राहतात. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, ऐकू येते पण समजत नाही. आपण त्यांच्यावर ओरडतो, तेव्हा फक्त जे आधीच ऐकू येत होते ते मोठे होते. हे मला कानाच्या डॉक्टरांनी समजावले आणि मग घरातल्या कित्येक भांडणांचा उलगडा झाला.

आता कव्वाली लावली की अब्बांना ढोलक ऐकू येते, हार्मोनियमची खालची पट्टी ऐकू येते. नवीन गाणाऱ्याचे शब्द त्यांना लागत नाहीत, "क्या बोल रहा है, बेटा?" असे विचारून ते सोडून देतात. पण अझीझ नाझाँ लावले तर एकही शब्द चुकत नाही. कारण तो शब्द कानातून येतच नाही, आतून येतो. चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेले ते आज ऐकत असतात. लोहाऱ्याला आमच्या घरी दारव्हा रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज दिवसभर असतो, एमआयडीसीची ये-जा असते, त्या सगळ्यातही त्यांना मिसरा लागतो. मग मला प्रश्न पडतो की गाणारा नक्की कुठे आहे? मुंबईच्या कब्रस्तानात, कॅसेटवर, मुलाच्या गळ्यात, की इथे, एका जवळजवळ बहिऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यात? आणि हा म्हातारा गेला की गाणाऱ्याचा तेवढा भाग पुन्हा एकदा मरणार काय? मला वाटते, मरणार. कॅसेट राहील, पण हे असे ऐकणे राहणार नाही.

गळ्याचेही तसेच. वय वाढले की स्वरयंत्रातल्या पट्ट्या पातळ होतात, फुप्फुसांत हवा कमी मावते. पुरुषाचा आवाज थोडा बारीक होतो, बाईचा थोडा जाड. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात रोज पाच तास बोलणाऱ्या शिक्षकाला हे पन्नाशीची वाट न पाहता कळू लागते. संध्याकाळी घरी आल्यावर मी कमी बोलते. घरच्यांना वाटते, रागावली.

२०१० साली मुंबईत एक गोष्ट घडली. जुहूच्या मुस्लिम कब्रस्तानात नव्या मय्यतींना जागा करण्यासाठी जुन्या कबरी मोडण्यात आल्या. त्यांत मोहम्मद रफी यांची कबर होती, मधुबाला यांची होती. रफीसाहेब ३१ जुलै १९८० ला ५५ व्या वर्षी गेले तेव्हा भर पावसात हजारोंचा जनाजा निघाला होता, सरकारने दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केला होता. आता कबरीची खूण नाही. चाहते जयंतीला आणि पुण्यतिथीला येतात, ते जवळच्या नारळाच्या झाडाचा अंदाज धरून उभे राहतात.

ही बातमी वाचून मलाही धक्का बसला होता. परंतु कबर पक्की बांधू नये, मातीची राहावी, काळाने ती मिटावी आणि तीच जमीन दुसऱ्याच्या कामी यावी, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आमच्या कब्रस्तानातही माझ्या दादांची नक्की जागा आता कोणी दाखवू शकत नाही. बाभळीच्या पलीकडे, एवढेच. मग रफीसाहेबांना वेगळा न्याय का? दुःख एका गोष्टीचे झाले. ती जागा मोडताना कोणी सांगितले नाही, विचारले नाही. तत्त्व बरोबर असले तरी ते राबवताना दोन शब्द बोलायला हवे होते. एखाद्या घरच्या म्हाताऱ्याची खाट अंगणात हलवतानासुद्धा आपण त्याला विचारतो.

उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्याबरोबर, २१ ऑगस्ट २००६ ला बनारसमध्ये, कडुनिंबाच्या झाडाखाली त्यांची शहनाईही दफन झाली. घरात मागे राहिलेल्या चांदी मढवलेल्या शहनाया पुढे चोरीला गेल्या, आणि २०१७ च्या जानेवारीत पोलिसांनी शोध लावला तेव्हा त्यांची चांदी सोनाराकडे वितळलेली होती. घरातल्याच माणसाने विकल्या होत्या. मातीत गेलेली तेवढी सुरक्षित राहिली.

आता आमच्या दुसऱ्या सहकाऱ्यांचा प्रश्न. तो टाळण्यासारखा नाही, कारण तो आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात असतो. संगीत जायज की नाजायज हा वाद शतकानुशतकांचा आहे. इमाम गजालींनी 'इह्या'मध्ये समावर एक पूर्ण भाग लिहून अटींसह त्याला जागा दिली; हजरत निजामुद्दीन औलियांना याच प्रश्नावर दिल्लीच्या सुलतानासमोर उलेमांना उत्तर द्यावे लागले. मी, यवतमाळ जिल्ह्यातली एक बी.एड. झालेली शिक्षिका, हा वाद मिटवीन असे कोणी समजू नये. पण माझ्या सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न तो नव्हताच. त्यांचा प्रश्न दुवेचा होता. जनाज्याच्या नमाजीत मागे उभा असलेला माणूस मय्यतीचा पेशा विचारत नाही. सुतार होता की सावकार, हे नमाज पढवणाराही विचारत नाही. दुवा ही मेलेल्याच्या लायकीची पावती नसते. ती मागणाऱ्याची गरज असते. लता मंगेशकर यांच्या अंत्यदर्शनाला फेब्रुवारी २०२२ मध्ये शाहरुख खान यांनी शिवाजी पार्कवर हात उचलून दुवा केली आणि फुंकर घातली. ज्यांना फुंकर म्हणजे काय ते ठाऊक नव्हते त्यांनी तिला थुंकणे म्हटले. त्यावर आम्ही सगळे चिडलो होतो. मग आपणच आपल्या उस्तादासाठी हात उचलायला का कचरावे?

झाकिर हुसेन यांनी आपल्या जन्माची एक आठवण अनेकदा सांगितली आहे. बाळाच्या कानात वडिलांनी दुवा म्हणायची असते. अल्लारखा खाँ यांनी मुलाला जवळ घेतले आणि कानात तबल्याचे बोल म्हटले. घरच्यांना राग आला, तेव्हा ते म्हणाले, माझी इबादत हीच आहे. आपल्याकडे बुजुर्ग सांगतात की जनाज्याच्या नमाजीला अजान नसते, कारण ती जन्मतःच कानात देऊन झालेली असते. अजान आणि नमाज यांच्यामध्ये जेवढा वेळ जातो, तेवढेच आयुष्य. या उस्तादाच्या कानात बोल पडले होते. मधल्या ७३ वर्षांत तो तेच पढत राहिला. मौलवींना यात काय दिसेल ते मी सांगू शकत नाही. मला यात बेअदबी दिसत नाही.

माणूस मेला की त्याच्या अमलांची वही मिटते, तीन गोष्टी मात्र चालू राहतात, चालू राहणारे दान, लोकांच्या उपयोगी पडणारे इल्म आणि दुवा करणारी नेक औलाद, ही हदीस आमच्या शाळेतल्या मुलांना पाठ असते. एखाद्या आवाजाने जिनिंगमधून थकून आलेल्या मजुराला रात्री दोन घटका निवांतपणा दिला, तर ते या तिन्हींपैकी कशात बसते? कदाचित कशातच नाही. कदाचित पहिल्यात. मराठी वर्तमानपत्रे आपल्या मृतांना 'पैगंबरवासी' लिहितात. कैलासवासीच्या चालीवर कोणीतरी प्रेमाने काढलेला हा शब्द, अकीद्याच्या दृष्टीने त्यात काही अर्थ नाही, तरी मला तो आवडतो. पण 'मरहूम' त्याहून चांगला. ज्याच्यावर रहम झाला तो. झाला की नाही हे आपल्याला माहीत नसताना आपण तो झालाच असे धरून बोलतो. गाणाऱ्यांच्या बाबतीतही तेवढे धरून चालायला काय हरकत आहे?

मेलेल्यांचे एवढे पुरे. जे अजून आहेत त्यांचे काय? महाराष्ट्र शासनाची वृद्ध साहित्यिक-कलावंतांसाठी मानधन योजना आहे. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा तीन वर्गांत कमी-जास्त रक्कम मिळे. २०२४ पासून सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले. योजना चांगली आहे. पण अर्जाला पुरावे लागतात, कार्यक्रमांची पत्रके, कात्रणे, प्रमाणपत्रे. मुख्य कव्वालाजवळ ती असतात. मागच्या रांगेत चाळीस वर्षे टाळी दिलेल्या, ढोलक वाजवलेल्या माणसाजवळ काय असणार? पत्रकावर त्याचे नाव कधी छापलेच नाही, 'आणि पार्टी' एवढ्यात तो आला. जनाजा फर्ज-ए-किफाया आहे, काही जणांनी केला तरी सगळ्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरते, आणि कोणीच केला नाही तर सगळेच गुन्हेगार. जिवंत म्हाताऱ्यासाठी हा नियम फिकहच्या किताबात नाही. मी तो तिथे आहे असे समजून वागावे म्हणते.

या वर्षी सातवीच्या मुलांना मी एक काम दिले. घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून या, तुम्ही कोणाला समोर बसून ऐकले, कुठे, आणि मागे ढोलक कोण वाजवत होते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भराभर आली. नामवंत कव्वाल, उरुसांची गावे, बैलगाडीने केलेला प्रवास, पावसात भिजलेला मंडप. तिसऱ्या प्रश्नापुढे बहुतेक वह्यांत रेघ होती. एका मुलीने मात्र दुसऱ्या दिवशी वही परत मागून घेतली. तिच्या नानांना रात्री झोपेतून उठून एक नाव आठवले होते, पूर्ण नाव नाही, नुसते 'मुन्नाभाई, डाव्या हाताने वाजवायचे'. तिने ते लिहिले आणि खाली कंसात विचारले, टीचर, हे चालेल का?

मी चालेल म्हणून सही केली. बाकीच्या वह्या अजून माझ्याकडेच आहेत. ईदच्या सुट्टीत मुले नातेवाइकांकडे जातील, तेव्हा रेघेच्या जागी आणखी काही नावे मिळतात का ते पाहायचे आहे.